वलगणीची वाट मोकळी करा

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरच्या बंधुभगिनींनो,

मिरग तोंडावर आला आहे. पहिला दमदार पाऊस पडला की उल्हास, काळू, बारवीकाठचे आगरी, ठाकूर, कातकरी रात्री बॅटऱ्या घेऊन ओहोळांकडे निघतील. गढूळ पाण्याला ओढ लागली की गाबोळीने भरलेला मासा नदी सोडून उलटा वर चढतो, ओढ्याओढ्यांतून भाताच्या खाचरात शिरतो आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी टाकतो. हीच वलगण. वर्षातले जेमतेम काही दिवस. तेवढ्यात वाट अडली, तर त्या ओढ्याची पुढच्या सालची मासळी गेली.

आणि वाट अडलेलीच आहे. शहरात शिरताच ओढ्याचा नाला होतो. सध्या नालेसफाई चालू आहे. पोकलेन तळ खरवडतो, काठाचं गवत आणि माशांना आसरा देणारे डोह एकाच फटक्यात जातात. काढलेला गाळ काठावरच राहिला, तर पहिल्या सरीत परत आत. मोहने-मोहिलीजवळ उन्हाळ्यात उल्हासवर जलपर्णी पसरते. सांडपाण्यावर ती पोसते आणि तिच्याखाली पाणी गुदमरतं. याच नदीतून मोहिलीला कल्याण-डोंबिवलीचं आणि शहाडला ठाण्याचं पाणी उचललं जातं. वालधुनीबद्दल तर बोलवत नाही. अंबरनाथच्या जवळजवळ हजार वर्षांच्या शिवमंदिराला वळसा घालून येणाऱ्या या नदीत नोव्हेंबर 2014 मध्ये रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं रुग्णालयात गेली.

गेल्या महिन्यात मोठागावच्या रेतीबंदरावर एका कोळीदादांच्या होडीत बसलो होतो. त्यांनी पाग टाकला. वर आल्या दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, तुटक्या चपलेत अडकलेली एक चिंबोरी आणि दोन बोईट. दादांनी बोईट उचलला, कल्ले उघडून हुंगला आणि माझ्यापुढे धरला. घासलेटासारखा वास. मी विचारलं, हे कुठून आलं असेल? ते म्हणाले, “ओहोटीला वास आला तर वरून सोडलंय, भरतीला आला तर खालून.” मग उधाणाला कुठल्या नाल्याचं पाणी कुठवर चढतं आणि भांगाला कुठे साचून राहतं, हे त्यांनी वल्ह्याच्या टोकाने चिखलावर काढून दाखवलं. कुठलंही यंत्र नव्हतं त्यांच्याजवळ. ही माहिती आजवर त्यांना कुणी विचारलेली नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: नदी आणि खाडी सुधारायची असेल, तर कोळी, आगरी, कातकरी, ठाकूर यांना त्या कामात भागीदार करा. हार घालायला किंवा फोटोपुरतं बोलवू नका. ठाण्याची खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली, याचा मलाही आनंद आहे. पण रोहित पक्ष्यांचे थवे मोजताना चेंदणी कोळीवाड्यातल्या किती होड्या कायमच्या काठाला लागल्या, तेही मोजायला हवं.

मार्ग नाही असं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. राज्य शासनाच्या 2017 च्या योजनेत कांदळवन राखणाऱ्या गावांच्या समित्या करून खेकडा, कालवं, जिताडा पालनाला अनुदान मिळतं. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही. कागदी आदेशाच्या कितीतरी आधीपासून ही राखण चालत आली. तिकडे अमेरिकेत क्लॅमथ नदीवरचे चार बांध पाडायला युरोक, कारुक या आदिवासींना पिढीभर लढावं लागलं. 2024 मध्ये शेवटचा बांध निघाला आणि काही आठवड्यांत सामन मासा शंभराहून जास्त वर्षांनी वरच्या पाण्यात पोचला. माशाला वाट आठवते.

म्हणून महापालिका-नगरपालिकांकडे आपण सगळ्यांनी मिळून आत्ता, याच आठवड्यात, लेखी मागणी करायची आहे: नाल्याला यंत्र लावण्याआधी जवळच्या कोळीवाड्यातलं किंवा वाडीवरचं जाणतं माणूस अभियंत्यासोबत उभं राहील, कुठे खणायचं आणि कुठला डोह सोडायचा हे दोघं मिळून ठरवतील आणि त्या माणसाला त्या दिवसाची मजुरी मिळेल. फुकटचं ज्ञान घेणं आता बंद व्हावं. रात्री नदी-नाल्यात घाण पाणी सोडणाऱ्यांवर मच्छीमारांनी पाळत ठेवावी, मच्छीमारांची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाने नोंदवून घ्यावी आणि तिची पोच द्यावी.

आणि आपण? दुर्गाडीच्या पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावू नका. तिवरांत राडारोड्याचा ट्रक रिकामा होताना दिसला तर त्याचा नंबर टिपून पोलिसांना कळवा. घरच्या कालवणापुरते मासे धरणाऱ्या कातकऱ्याला बोल लावू नका. पाण्यात विजेचा करंट सोडून पाटीभर गाबोळीचे मासे विकायला आणणाऱ्याकडून मात्र एकही घेऊ नका.

येत्या रविवारी जवळच्या कोळीवाड्यात जा. काठावर बसलेल्या एखाद्या मावशीला विचारा, की तुमच्या लहानपणी इथे कोणकोणती मासळी मिळायची. ती सांगेल ती नावं वहीत उतरवून घ्या आणि तीच वही घेऊन तुमच्या प्रभाग कार्यालयात जा. पाऊस थांबणार नाही आपल्यासाठी.