पुढे पाठवण्याआधी सनद विचारा

रमजान जवळ आला की मोबाइलवर एक निरोप हमखास फिरू लागतो. ‘रमजानची बातमी जो सर्वांत आधी देईल, त्याच्यावर नरकाची आग हराम.’ खाली ‘हदीस’ असा शिक्का. धाराशिव असो वा परंडा, लोक तो श्रद्धेने पुढे पाठवतात. हदीसच्या कोणत्याही मान्य ग्रंथात मात्र तो सापडत नाही.

हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांची उक्ती, कृती किंवा त्यांनी मूकपणे दिलेली मान्यता. तिचे दोन भाग असतात. ‘मतन’ म्हणजे मजकूर आणि ‘सनद’ म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. मुहद्दिसांच्या कसोट्या पाच. साखळी अखंड हवी, प्रत्येक रावी सचोटीचा हवा, त्याची स्मरणशक्ती किंवा टिपण पक्के हवे, अधिक विश्वासू रावींशी विसंगती नको आणि आत दडलेला दोष नको. सगळ्यांत उतरली ती ‘सहीह’, रावीची स्मरणशक्ती किंचित उणी असेल तर ‘हसन’, कसोटीत उणी पडली ती ‘जईफ’ आणि रचलेली ती ‘मौजू’.

ही पारख प्रिय वचनांनाही चुकली नाही. रमजानचे पहिले दहा दिवस कृपेचे, दुसरे क्षमेचे, तिसरे नरकमुक्तीचे, ही रिवायत घरोघरी ठाऊक आहे. पण तिच्या साखळीतील अली बिन जैद हा रावी कच्चा मानला जातो. ती नोंदवताना खुद्द इब्न खुजैमा यांनी ‘रिवायत खरी ठरल्यास’ अशी पुस्ती जोडली. सत्कर्माची ओढ लावण्यापुरते जईफ वचन अनेक विद्वान अटींसह चालवून घेतात. मौजू मात्र कोणी नाही.

हे शास्त्र आपल्या भागाला परके नाही. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना तिथल्या ‘दायरतुल मआरिफ’ या 1888 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने इब्न हजर यांचा ‘तहजीबुत्तहजीब’ हा रावींचा चरित्रकोश बारा खंडांत छापला. शेजारच्या पैठणच्या एकनाथांनीही 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो श्रद्धा होती म्हणूनच.

ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हाही खोटेपणाच, या अर्थाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिली आहे. रोजा जिभेचाही असतो. आता तो बोटांनीही पाळायला हवा. ग्रंथ कोणता, रावी कोण, हे कळेपर्यंत निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा.