होतकरू दिग्दर्शकाला नुसती शाबासकी पुरत नाही

सिनेमा काढायला काय लागतं असं वर्गात विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "सर, टॅलेंट आणि कॅमेरा!" कॅमेरा तर आता ज्याच्या त्याच्या खिशात आहे. मग अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई वंशाच्या तरुणांना पहिला चित्रपट काढणं एवढं जड का जातं? माझ्या मते घोडं अडतं ते ओळखीपाशी. ज्याच्या घरातलं कुणीच त्या धंद्यात नाही, त्याची पटकथा वाचणार कोण? आणि ती लिहून होईपर्यंत घरभाडं भरणार कोण?

रायन कूगलरचं उदाहरण घ्या. हा ओकलंडचा मुलगा. 1 जानेवारी 2009 च्या पहाटे तिथल्या फ्रूटवेल स्टेशनवर ऑस्कर ग्रँट या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली. कूगलरने त्यावर पटकथा लिहिली. 2012 मध्ये सनडान्स इन्स्टिट्यूटच्या पटकथा-लॅबमध्ये त्याला जागा मिळाली. तिथे मुरलेले लेखक नवख्यांसोबत बसून त्यांच्या संहितेवर काम करतात. फॉरेस्ट व्हिटेकर हा ऑस्करविजेता नट निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला. 2013 मध्ये 'फ्रूटवेल स्टेशन'ने सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा मोठा पुरस्कार आणि प्रेक्षकांचा पुरस्कार, दोन्ही पटकावले. पाच वर्षांनी हाच कूगलर 'ब्लॅक पँथर' घेऊन आला.

यात व्हिटेकरचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. सल्ला काय, सगळेच देतात (आम्ही शिक्षक तर जरा जास्तच!). स्वतःचं नाव पणाला लावणारा विरळा.

आपल्या चैतन्य ताम्हाणेचंही तसंच. 'कोर्ट'नंतर रोलेक्सच्या गुरू-शिष्य योजनेतून त्याला अल्फोन्सो क्वारोन हा मेक्सिकन दिग्दर्शक मेंटॉर म्हणून लाभला. 'रोमा'चं चित्रीकरण त्याने जवळून पाहिलं. पुढे त्याच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाचा क्वारोन कार्यकारी निर्माता झाला, आणि 2020 मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला.

काहीजण म्हणतात, कलेत असा वेगळा कोटा कशाला? अहो, बाकीच्यांना ही मदत पूर्वीपासून मिळतेच आहे. फक्त तिला फेलोशिप म्हणत नाहीत, काका-मामा म्हणतात.

माझी तक्रार वेगळी आहे. एकदा धनादेश दिला, फोटो काढला, की देणाऱ्याचं काम संपलं असं होता कामा नये. खरी परीक्षा दुसऱ्या चित्रपटाला असते. तोवर कौतुकाचे फोन थांबलेले असतात. फेलोशिपमध्ये वर्षभराचा घरखर्च धरावा, आणि मेंटॉरने दुसऱ्या चित्रपटाच्या वेळीही फोन उचलावा.