उघडणाऱ्याचीच चूक?

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्हायरसच्या बाबतीत मात्र आपण सगळे नेमकं हेच करतो. कोणाच्या मोबाईलमध्ये व्हायरस शिरला, पैसे गेले, की होस्टेलमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "कशाला उघडायची ती फाईल? इंजिनिअरिंगला आहेस ना?" मला वाटतं, या एका वाक्याने व्हायरसचं काम फार सोपं होतं.

थोडा इतिहास बघूया. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' हा व्हायरस फिलिपाईन्समधून निघाला आणि जगभर पसरला. ई-मेलसोबत प्रेमपत्राची फाईल यायची. तिच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि शेवटी 'व्हीबीएस' असायचं. विंडोज शेवटचं एक्स्टेंशन लपवत असे, त्यामुळे ती साधी टेक्स्ट फाईल वाटायची. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता! उघडला की आऊटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तेच पत्र जायचं. म्हणजे पत्र यायचं ते ओळखीच्याच माणसाकडून.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाचा फोटो म्हणून असाच व्हायरस फिरला. तो सोडणारा नेदरलँड्सचा मुलगा आपल्याच वयाचा, २० वर्षांचा होता. इंटरनेटवर मिळालेल्या तयार टूलने त्याने तो बनवला. पुढे तो स्वतः पोलिसांकडे गेला, पण लोकांना व्हायरस लागला ही त्यांचीच चूक, असंही म्हणाला. गंमत म्हणजे, त्याच्या गावच्या महापौरांनी त्याला नोकरीचं बोलायला बोलावलं! कोर्टाने १५० तास समाजसेवेची शिक्षा दिली.

आता त्या मुलाचं म्हणणं आणि आपल्या होस्टेलमधलं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. काही फरक आहे का?

आज ई-मेलची जागा व्हॉट्सॲपने घेतली आणि व्हीबीएसची जागा एपीके फाईलने. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिका वाटावी अशी ती फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. 'पीएम किसान', आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनीही एपीके फिरल्या. अशी फाईल इन्स्टॉल झाली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी थेट चोराच्या हातात. बळी पडलेल्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती फाईल पुढे ग्रुपवर गेल्याचे प्रकारही घडले आहेत.

म्हणूनच 'अनोळखी माणसाची फाईल उघडू नका' हा सल्ला अर्धवट आहे. गेमचे मॉड वाटणारा ग्रुप, फुकट क्रिकेट दाखवणारं ॲप पाठवणारा मित्र, गावाकडचा भजनी मंडळाचा ग्रुप, सगळे ओळखीचेच असतात. तिथे आपण शंका घेत नाही आणि व्हायरसला तेवढंच हवं असतं.

अशा वेळी सगळ्यात मोलाचा माणूस कोण? ज्याला सगळ्यात आधी फटका बसला तो! त्याने ताबडतोब ग्रुपवर लिहिलं की "माझ्याकडून आलेली फाईल उघडू नका", तर पुढचे पन्नास जण वाचतात. पण हसं होईल म्हणून तो गप्प बसतो. रात्र तशीच जाते आणि सकाळपर्यंत ती फाईल कोणाच्या तरी वडिलांच्या फोनवर पोचलेली असते. त्याच फोनला जोडलेल्या खात्यात दुधाचे पैसे असतात, पीक विम्याचे असतात आणि कदाचित आपली फीसुद्धा.

आपला कायदाही उघडणाऱ्याला दोषी धरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ प्रमाणे, लबाडीने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग आपण का उलटा न्याय लावायचा?

मित्रांनो, करायचं फार नाही. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे, हे सुट्टीत घरी गेल्यावर आई-वडिलांना दाखवा. फाईल आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, "तूच पाठवलीस ना?" फसलातच तर इंटरनेट बंद करा, १९३० नंबरला फोन करा, बँकेला कळवा आणि सगळ्यांना सांगा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि आपल्या सरांना-मॅडमना एक विनंती. लॅबमध्ये एखाद्याच्या पेन ड्राईव्हमुळे व्हायरस आला, तर त्याला वर्गासमोर उभं करू नका. नाहीतर पुढचा मुलगा सांगणारच नाही!

अँटीव्हायरस जरूर टाका. पण त्याआधी, फसलेल्यावर हसणं बंद करूया.