जावासीशी थेट बोला की राव!

मंडळी, गुरुवारी रात्री पुन्हा तेच झालं. आमचा सर्व्हर ग्राहकाच्या हिशोबाचे नियम जावा कोडमध्ये बदलतो आणि 'रनटाइम डॉट एक्झेक' करून जावासीला, म्हणजे जावाच्या कंपायलरला, हाक मारतो. यंत्राने लिहिलेला कोड, एकेक ओळ हातभर लांब. त्यात ढीगभर चुका. जावासीने इमानेइतबारे प्रत्येक चूक तिच्या ओळीसकट एरर स्ट्रीमवर ओतली, पण ती वाचायला पलीकडे कोणीच नव्हतं. पाइपचा बफर भरला, जावासी अडला, आणि 'वेटफॉर' करत आमचा प्रोग्रॅमही. दोघं एकमेकांची वाट बघत रात्रभर उभे! सकाळी बोलणी कोणी खाल्ली? तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या फ्रेशरने. हा कोड लिहिला तेव्हा तो बिचारा शाळेत होता.

"स्ट्रीम वाचायला एक थ्रेड लाव, झालं," इति आमचे लीड. कसलं झालं? वाचलेल्या मजकुराचं काय करणार? रेग्युलर एक्स्प्रेशन लावून ओळ क्रमांक हुडकणार. जावा ६ मध्ये फाइलचं नाव, ओळ आणि लगेच तक्रार यायची. २०११ च्या जावा ७ मध्ये मधे 'एरर' हा शब्द घुसला. जपानी लोकेलच्या मशीनवर तोच जावासी जपानीत बोलतो. शिवाय पाथवर सापडेल तो जावासी घ्यायचा. सर्व्हर जावा १७ वर आणि पाथवर २१ असला, की क्लास लोड होताना बोंब.

बरं, दुसरा रस्ताच नसता तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २००६ मध्ये जावा ६ आला, तेव्हापासून 'जावाएक्स डॉट टूल्स' हे पॅकेज आहे. 'टूलप्रोव्हायडर'कडे कंपायलर मागा, तुम्ही ज्या जावावर चालताय त्याचाच मिळतो. (नुसत्या जेआरईवर असाल तर नल मिळतो, जेडीके हवा.) प्रत्येक चूक 'डायग्नॉस्टिक' ऑब्जेक्ट होऊन येते: ओळ, कॉलम, चुकीचा कोड, सगळं सुटं सुटं. रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजच नाही.

एक मुद्दा मात्र मान्य. कंपायलर आपल्याच प्रोसेसमध्ये चालवला आणि मेमरी संपली, तर सर्व्हरही गोत्यात येतो. तेवढी भीती असेल तर वेगळी प्रोसेस काढा, पण तिच्यात आपला छोटा प्रोग्रॅम बसवा, आणि त्याने हीच एपीआय वापरावी. त्याचे स्ट्रीम तेवढे वाचा म्हणजे झालं.

पॅच तयार आहे. सोमवारी रिव्ह्यूला टाकतोय. रिव्ह्यूअर अर्थातच लीड.