षष्ठीचे टिंब

दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्याची ओळख आपण कशी करून देतो? ‘हे आमच्या वहिनींच्या मावशीच्या जावेचे बंधू!’ ऐकणारा मनातल्या मनात एकेक नाते उतरत जातो आणि शेवटी त्या गृहस्थांपाशी पोचतो. षष्ठी विभक्तीची ही करामत. एक ‘च्या’ म्हणजे एक पायरी. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी हेच काम एका टिंबावर भागवतात.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती पुष्कळदा ‘जेसन’ नावाच्या मजकुराच्या रूपाने. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी ही पद्धत २००१ च्या सुमारास पुढे आणली. तिची रचना डब्यात डबा अशी. परीक्षेच्या निकालाचेच घ्या ना! मोठ्या डब्यात ‘विद्यार्थी’ नावाची यादी. यादीत प्रत्येकाचा एक डबा. त्यात ‘नाव’, ‘पत्ता’, ‘गुण’. आणि ‘गुण’ उघडले की आत ‘मराठी’, ‘इंग्रजी’. पहिल्या विद्यार्थ्याचे मराठीचे गुण हवेत? मग मार्ग लिहायचा तो असा: ‘विद्यार्थी.०.गुण.मराठी’. (मोजणी शून्यापासून; पहिला नंबर काढणाऱ्यांनी रागावू नये.) प्रोग्रॅम ही ओळ टिंबाटिंबापाशी तोडतो आणि एकेक तुकडा घेऊन आत आत शिरतो. पोस्टाच्या पत्त्यात आपण घराकडून गावाकडे जातो, इथे गावाकडून घराकडे यायचे.

टिंबालाही खोडी आहेच. एखाद्या डब्याचे नावच ‘एम.ए.’ असले, तर प्रोग्रॅम इमानाने ‘एम’ नावाचा डबा हुडकीत बसतो! म्हणून २०१३ साली ठरलेल्या ‘जेसन पॉइंटर’च्या नियमांत टिंबाऐवजी तिरकी रेघ घेतली, नावातच तिरकी रेघ आली तर तिथे नागमोडी चिन्ह आणि १ लिहायचे, आणि नागमोडी चिन्ह आले तर तेच चिन्ह आणि ०. अपवादाला अपवाद! व्याकरण शिकवणाऱ्याला यात परके असे काही वाटत नाही.

माझे मन अडकले ते निराळ्याच जागी. वाटेतला डबाच नसला तर? जावास्क्रिप्ट भाषेत नसलेल्या डब्याच्या आत शिरू पाहिले, की काम तिथेच अडते आणि तक्रार उमटते. मार्गाची ओळ घेऊन चालणारी तयार साधने, उदाहरणार्थ ‘लोडॅश’मधले ‘गेट’, अधिक सौम्य. काही सापडले नाही तर काय धरून चालायचे, ते तुम्ही आधीच सांगून ठेवायचे. तेच उत्तर ती निमूट हातात ठेवतात. आणि बेरीज अडू नये म्हणून घाईत सुचणारे उत्तर कोणते? शून्य!

परीक्षेच्या कामात वर्षे काढलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो. पेपर लिहून भोपळा मिळवणारा मुलगा आणि तापाने फणफणून घरी पडलेला मुलगा यांना आपण एका मापाने मोजीत नाही. एकापुढे ‘०’ लिहितो, दुसऱ्यापुढे ‘गैरहजर’. जेसनलाही हा भेद कळतो. त्यात ० निराळे, ‘नल’ ही जाणून रिकामी ठेवलेली जागा निराळी आणि मुळात नोंदच नसणे निराळे. आमचा भाचा या धंद्यात आहे. त्याला म्हटले, ‘अरे, सापडले नाही तर शून्य कशाला? कुठल्या पायरीवर वाट संपली ते सांगू दे की त्याला!’

‘सांगेल, मामा. पण तेवढा कोड जास्त लिहावा लागतो.’

लिहावा! कारण यात शुद्धलेखनाचाही प्रश्न आहे. हा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने अवतरणचिन्हांतली नुसती अक्षरे. ती बरोबर आहेत की नाहीत, हे आधी कोणी तपासीत नाही. कोणी ‘गुण’ऐवजी ‘गूण’ लिहिले, की त्या नावाचा डबा कुणाकडेच सापडायचा नाही. अख्ख्या वर्गाला मराठीत शून्य, आणि पडद्यावर तक्रारीचे एक अक्षर नाही.