पाण्यास परतीची वाट असूं नये

रहाट चालत असतां बैल मध्येंच थांबले, तर भरलेल्या पोहऱ्यांच्या भारानें सारें चाक उलटें फिरूं पाहे. तसें होऊन जनावरास किंवा माणसास इजा होऊं नये म्हणून चाकाच्या दात्यांत एक अडकण पडत असे. आज रहाट गेला, मोट गेली, विजेची मोटार आली. परंतु अडकणीची गरज गेली नाहीं. ती आतां एका लहानशा झडपेच्या रूपानें पाइपांत बसते. तिला कोणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, कोणी चेक व्हॉल्व्ह. आणि सक्शन पाइपाच्या तळाशीं बसणाऱ्या फूट व्हॉल्व्हास तर आपल्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात. काम सर्वांचें एकच : पाण्यास पुढें जाऊं द्यावें, मागें येऊं देऊं नये. पंपाच्या इतर कोणत्याहि भागाविषयीं नसेल इतकी बेफिकिरी आपले बांधव या झडपेविषयीं दाखवितात, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ठिबकांतून खत देण्याचा प्रघात वाढल्यापासून ही बेफिकिरी खिशापुरती राहिलेली नसून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोंचली आहे. म्हणून हा विषय येथें घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शहरांतील कित्येक घरांत शोभेच्या माशांची कांचेची पेटी असते. तींत हवा सोडणारा लहान पंप पुष्कळदां पेटींतील पाण्याच्या पातळीहून खालीं ठेवलेला असतो. वीज गेली कीं पेटींतील पाणी हवेच्या नळींतून खालीं उतरूं शकतें व पंप भिजून निकामी होतो. यासाठीं त्या नळींत बोटाच्या पेराएवढी एक झडप घालतात. ती बसविण्यापूर्वीं दोन्ही बाजूंनीं फुंकून पाहतात. एकीकडून हवा जावी, दुसरीकडून अडावी. हौसेच्या माशांसाठीं एवढी काळजी घेतली जाते, आणि ज्या विहिरीवर कुटुंब, गुरें व पीक जगतें तिच्यासाठीं ती घेतली जात नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

वीज जाते त्या क्षणीं काय होतें तें पाहूं. ३ इंची पाइपाची १००० फुटांची लाइन भरली म्हणजे तींत सुमारें १४०० लिटर, म्हणजे १४ क्विंटल पाणी असतें. लाइन चढावाची असेल तर मोटार थांबल्यावर हें सारें वजन उलट फिरून विहिरीकडे धांवूं लागतें. झडप नसेल तर तें पंपांतून जातें व पंपास उलटा फिरवितें. तेवढ्यांत वीज परत आली आणि स्टार्टरास ऑटो जोडलेला असला, तर उलट्या फिरणाऱ्या पंपास एकदम सुलटा ओढा बसतो. पाणबुडी पंपाचा शाफ्ट तुटण्याचें किंवा बेअरिंग जाण्याचें हें एक कारण आहे.

झडप आहे, परंतु उशिरां मिटते, असेंहि होतें. दर सेकंदास १ मीटर वेगानें परतणारें पाणी अवचित अडलें, तर प्लास्टिकच्या पाइपांत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३ ते ४ किलोंचा जादा दाब क्षणभर उठतो. लोखंडी पाइपांत याहून पुष्कळच अधिक. पाइप ४ किलो दाबाचा आणि चढावामुळें त्यावर मूळचाच अडीच किलोंचा भार, अशा स्थितींत सांधा निखळला तर दोष पाइपाचा नव्हे. म्हणून लांब व चढाच्या लाइनीस स्प्रिंगची झडप घ्यावी. पाणी उलटण्यापूर्वींच स्प्रिंग तिला मिटविते. पाकळीची झडप थोड्या चढास व आडव्या पाइपास चालते.

परंतु आमच्या मतें याहून मोठा प्रश्न खताचा आहे. व्हेंच्युरीनें किंवा टाकींतून खत चालूं असतां वीज गेली आणि लाइन विहिरीकडे रिकामी होऊं लागली, कीं त्या ओढीनें टाकींतील द्रावणहि मागें खेंचलें जातें व थेट विहिरींत उतरतें. हिशेब करून पाहूं. २० फूट व्यासाच्या विहिरींत १० फूट पाणी असेल, तर तें सुमारें ८९,००० लिटर होतें. तींत १३-०-४५ हें खत १० किलो उतरलें, तर दर लिटरास सुमारें ६५ मिलिग्राम नायट्रेट वाढतें. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानें, म्हणजे क्रमांक १०५०० नें, घातलेली मर्यादा ४५ मिलिग्रामची आहे. नायट्रेटास रंग नाहीं, वास नाहीं. आणि पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. सहा महिन्यांच्या आंतील अर्भकास अशा पाण्याचें दूध कालवून पाजलें, तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते. ज्याच्या घरीं तान्हें मूल आहे त्यास याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

“आमच्या पंपास फुटबॉल आहे, तेवढा पुरे,” असें उत्तर बहुधा मिळतें. तें आम्हांस मान्य नाहीं. फूट व्हॉल्व्ह गाळांत बुडालेला असतो. त्याच्या झडपेखालीं एखादी काडी किंवा खडा अडकला कीं तो गळूं लागतो, आणि तें वरून दिसत नाहीं. पाणबुडी पंपास तर फूट व्हॉल्व्ह नसतोच. खत देणाऱ्यानें केवळ त्यावर विसंबून राहणें म्हणजे दाराची कडी न पाहतां निजणें होय.

दुसरा आक्षेप असा कीं, झडपेनें पाणी कमी येतें. यांत तथ्य आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. जड, ओबडधोबड व अरुंद झडप पाण्यास अडविते आणि वीज फुकट खाते. परंतु यावर उपाय झडपेची पाकळी काढून टाकणें हा नसून चांगली झडप घेणें हा आहे. शेतीपंपाच्या सक्शन लाइनींतील झडपांसाठीं भारतीय मानक क्रमांक १०८०५ काढण्यांत आलेलें आहे. तें चिन्ह पाहून फूट व्हॉल्व्ह घ्यावा, जाळीच्या छिद्रांचें एकूण क्षेत्र पाइपाच्या क्षेत्राच्या दुपटीहून अधिक आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि झडप पाइपाच्या मापाहून लहान कधींहि घेऊं नये.

बसवितांना अंगावरील बाण पाण्याच्या दिशेस असावा. मुख्य झडप पंपानंतर व खत सोडण्याच्या जागेच्या अलीकडे बसवावी. पंपाच्या व तिच्या मध्यें हवा आंत घेणारा व्हॉल्व्ह असावा, म्हणजे पाणी मागें सरलेंच तरी ओढ खतापर्यंत पोहोंचत नाहीं. खताच्या नळीस स्वतःची लहान झडप वेगळी द्यावी. विजेच्या पंपानें खत सोडणाऱ्यांनीं तो पंप मुख्य मोटारीशीं असा जोडावा कीं एक बंद पडतांच दुसराहि बंद पडेल. वर्षांतून दोनदां मोटार थांबवून विहिरीशीं कान द्यावा. पाणी परतल्याचा आवाज आला तर झडप उघडून साफ करावी, किंवा बदलावी.

स्वतःच्या विहिरीवर कोणीं काय करावें हा ज्याचा त्याचा प्रश्न, असें कित्येकांस वाटेल. परंतु आपल्याकडे सामाईक विहिरी पुष्कळ आहेत, आणि एकाच्या काटकसरीचें पाणी चार घरांत प्यालें जातें. म्हणून आमची संघास अशी सूचना आहे कीं, ज्या विहिरीचें पाणी माणसें पितात तीवरून ठिबकानें खत द्यावयाचें असल्यास मुख्य लाइनींत झडप बसविलेली असलीच पाहिजे, असा नियम सभासदांनीं आपखुषीनें स्वतःस लावून घ्यावा. रबीच्या आरंभीं गांवोगांवच्या सभासदांनीं एकमेकांचे पंप पाहावे, आणि लागतील तितक्या झडपा संघामार्फत एकत्र मागवाव्या. ज्यांनीं हें आधींच केलें असेल त्यांनीं आपला अनुभव आम्हांस कळवावा. पुढील अंकीं त्यास आनंदानें जागा देऊं.