यंत्र आले, हात कधी तयार होणार?

'यकृतात गाठ दिसते, सीटी स्कॅन करून घ्यावा.' सोनोग्राफीच्या अहवालातली ही ओळ वाचून घरातल्या सगळ्यांची झोप उडते. गाठ पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता निघते. पण ते कळेपर्यंत दिवस जातात. त्यातून रुग्णाची मूत्रपिंडे कमजोर असली, तर सीटीचे आयोडीनयुक्त औषध द्यायला डॉक्टर कचरतात.

अनेकदा हे उत्तर सोनोग्राफीच्या त्याच टेबलावर मिळू शकते. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत शिरेतून दोन-अडीच मिलिलिटर औषध देतात. त्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, तांबड्या पेशीहूनही लहान बुडबुडे असतात. वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर भार नाही, क्ष-किरण नाहीत. युरोपात या औषधाला २००१ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेने यकृताच्या तपासणीसाठी ती २०१६ मध्ये दिली. आपल्याकडच्या अनेक नव्या यंत्रांत ही सोय असते. अडते ते शिक्षणावर.

सीटीची चित्रे नंतर निवांत पाहता येतात. इथे औषध दहा-वीस सेकंदांत गाठीत पोहोचते. ती कडेने भरत येते की एकदम उजळते, हे पहिल्या पाऊण मिनिटातच पाहावे लागते. रुग्णाने खोल श्वास घेतला किंवा हात सरकला, की तो क्षण गेला. ध्वनीचा जोर जास्त ठेवला तर बुडबुडेच फुटतात! पुढची चार-पाच मिनिटे अधूनमधून पाहत राहायचे. उजळपणा ओसरला तर कर्करोगाची शंका घ्यायची.

हे दोन दिवसांच्या कार्यशाळेत येईल, असे मला वाटत नाही. तिथे निवडक, सुबक चित्रे असतात. मग जेवण, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सोमवारी डॉक्टर आपल्या केंद्रात परततो. पहिलाच रुग्ण जाड, गाठ बरगडीआड, शेजारी विचारायला कोणी नाही. दोन तपासण्या फसल्या की तो पुन्हा 'सीटी करून घ्यावा' लिहू लागतो. त्याला तरी काय दोष द्यायचा?

एका बाबतीत आपण सुदैवी आहोत. अमेरिकेत बहुधा तंत्रज्ञ प्रोब फिरवतो आणि डॉक्टर चित्रे वाचतो. आपल्याकडे प्रोब डॉक्टरच्याच हातात असतो. म्हणून शिकवणेही त्या हाताशेजारी उभे राहूनच व्हावे. ज्यांचा सीटी, एमआरआय किंवा बायोप्सी ठरलेलीच आहे, अशा रुग्णांची त्यांच्या संमतीने आधी ही तपासणी करावी, आपला निष्कर्ष लिहून ठेवावा आणि मग खरे उत्तर ताडून पाहावे. चुकलेली चित्रफीत गुरूसोबत पुन्हा बघावी. माझ्या मते शिक्षण तिथेच होते.

पण ओपीडीबाहेर रांग खोळंबलेली असताना एका रुग्णाला अर्धा तास द्यायचा कोणी? वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातली एक सकाळ, एक खोली आणि सुई लावायला एक परिचारिका यासाठी राखून ठेवावी, आणि यंत्राच्या खरेदीतच त्याचाही खर्च धरावा.